पाचवं भोक

गोळीबार चौकात राहते म्हटलं की लोक हसतात,
रायफल चालवणाऱ्या बाईचा दुसरा पत्ता कसा असेल.
पण रेंज तिथून बावीस किलोमीटर, काटोल रोडनं पुढे,
आणि एप्रिलात साडेपाचला पोचलं नाही
तर आठनंतर जमीनच उकळते,
टार्गेट पाण्यातल्या नाण्यासारखं हलतं.

दीड महिना झाला, ग्रुप फुटलाय.
चार गोळ्या एकमेकींच्या अंगावर,
जुन्या चवन्नीखाली झाकतील अशा.
पाचवी मात्र वर उजवीकडे, एकटी,
रुसून मांडवाबाहेर बसलेल्या आत्यासारखी.

जिल्हा परिषदेत लेखापरीक्षण करते मी.
सोळा वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्यात.
‘ती एक सोडून दिली तर’ हे वाक्य
ग्रामसेवकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय
की स्वतःच्या तोंडात येताच ओळखलं.
सोडली नाही.
कॅलिपर लावला, बाहेरची कड ते बाहेरची कड,
त्यातून गोळीची जाडी वजा, पाच पूर्णांक सहा.
एकतीस मिलिमीटर. वहीत लिहिलं, तारखेसकट.

मग एकेक संशयित.
बॅरल पुसली, चिंधी पांढरी निघेपर्यंत.
लॉट बदलला, त्याच कंपनीचा, महाग.
स्टॉकचा मागचा स्क्रू अर्धा फेरा ढिला होता, आवळला.
सव्वीस.
गाल टेकवायची फळी दोन मिलिमीटर खाली.
पुन्हा सव्वीस.
श्वास अर्धा सोडून थांबले, पाऊण सोडून थांबले,
चहा सोडला.
पाचवी वर उजवीकडे.

हेडाऊकाका रेंजवरच्या बंदुका दुरुस्त करतात.
बाप मागावर बसायचा, यांची बोटं अजून धागा शोधतात,
स्क्रू आवळतानाही चिमटीत काहीतरी वळत असतं.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
मला उठवलं, माझ्याच चटईवर आडवे झाले,
पाच मारल्या, कण्हत उठले.
चौदा.
रायफल निर्दोष सुटली.
आता खटल्यात एकटी मीच.

"काहून वो, पाचवीले काय घाई असते तुले?"
घाई नसते, मी म्हटलं.
"असते. चौथीनंतर तू निशाण नाही पाहत,
वहीत आकडा लिहून राहिली असते."
मी चटईची एक काडी उपटत बसले.

दुसऱ्या दिवशी काडतुसांची डबी त्यांनी स्वतःकडे घेतली.
शेजारी उकिडवे बसले,
एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवत गेले,
गार, मेणचट, वाटाण्याहून हलकं वाटणारं.
किती, ते सांगितलं नाही.
"मोजू नको बस."

मोजत होतेच, सवय ती.
पण कुठूनतरी टिटवी ओरडली
आणि तीन-चारच्या मधला धागा तुटला.
पुढची प्रत्येक गोळी
मधलीच कुठलीतरी झाली,
हिच्यानंतर अजून एक असेल अशी.
ट्रिगर बोटाला कळायच्या आत सुटत होता.
तळहात रिकामाच राहिला तेव्हा समजलं, संपलं.

कागद आणला. एकच भोक, कडा कुरतडलेल्या,
भाकरीला उंदीर लागावा तशा.
वर उजवीकडे कोरं.
बारा पूर्णांक चार.
"किती होत्या, काका?"
डबी खिशात टाकून ते तर्री-पोह्याच्या गाडीकडे निघाले होते.

साडेदहाला ऑफिसात, कानात बारीक शिटी.
नरखेडकडच्या कुठल्याशा पंचायतीची फाईल उघडली,
तिच्यात माझी वही.
तारीख. लॉट. वारा नाही. तापमान एकतीस.
ग्रुप बारा पूर्णांक चार.
‘गोळ्या’ हा रकाना रिकामा.
दुसऱ्या कोणी असा पाठवला असता
तर लाल शाईनं परत केला असता.
पेन्सिलीनं बारीक लिहिलं: हेडाऊंना विचारणे.

तीन रविवार गेले.
अजून विचारलेलं नाही.